तीस सेंटिमीटरची पट्टी

दुपारी तीनच्या सुमाराला भाची दारात येऊन उभी राहिली. "मामा, तुझ्याकडे मोठी पट्टी आहे का? तीस सेंटिमीटरची."

परीक्षा १८ दिवसांवर आलेल्या मुलीला मोठी पट्टी कशाला लागते ते मला लगेच कळलं. भूमितीला कंपासमधली पंधराची पुरते. तीसची लागते ती वेळापत्रकाचे रकाने आखायला.

पट्टी सापडायला अर्धा तास गेला. मग स्केचपेनं निघाली. त्यातला हिरवा वाळलेला. हिरव्याशिवाय विज्ञान कसं दाखवायचं, यावर आमची गंभीर चर्चा झाली. शेवटी पेनाचं बूड उघडून आत दोन थेंब पाणी सोडलं आणि तो जिवंत केला. खरं तर माझंही एक काम त्या दुपारी संपायचं होतं. पण रकाने आखले जात असताना माणूस उठून कसा जाणार?

वेळापत्रक करण्यात जे सुख आहे ते पाळण्यात नाही. आपण आखलेले सगळे दिवस सारखे रुंद असतात. त्यात कुणाला सर्दी होत नाही, वीज जात नाही, गणित पहिल्या फटक्यात सुटतं. आणि सगळे विषय आपापल्या चौकोनात शहाण्यासारखे बसून असतात. मराठीत 'आरंभशूर' असा एक शब्द आहे. तो शिवी म्हणून वापरतात, हे मला कधी पटलेलं नाही. निदान आरंभाला तरी शूर असतो ना माणूस!

सातवीत असताना मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर माझं पहिलं मोठं वेळापत्रक केलं होतं. पहाटे ५ ते ६ पाठांतर. ६ ते ६:१५ व्यायाम. ६:१५ ते ६:२० आंघोळ, कारण पुढचा इतिहास ६:२० ला सुरू होत होता. रात्री १० ला 'दिवसाचा आढावा'. हा शब्द कुठून उचलला होता कोण जाणे, पण लाल शाईत तो फार भारदस्त दिसत होता. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून, अगदी जवळ जाऊन, तो सोमवारपासून रविवारपर्यंत पूर्ण वाचला. मग म्हणाले, "छान आहे. हा मुलगा कोण?"

मला इतका राग आला की रात्री झोपताना ठरवलं, उद्या पाचला उठून दाखवायचंच. जाग आली तेव्हा ६:२० झाले होते. म्हणजे पाठांतर, व्यायाम आणि आंघोळ एका दमात बुडाली होती. तो सगळा दिवस मी सुधारित वेळापत्रक तयार करण्यात घालवला.

तेव्हा लागलेली एक खोड अजून सुटलेली नाही. सहाला बसायचं ठरलं आणि घड्याळात सहा वाजून सात मिनिटं झालेली दिसली, की ते सहा गेलेच. मग साडेसहा. साडेसहा हुकले की सात. ६:५० ला पुस्तक उघडावं असं काही वाटत नाही. ६:५० ही अभ्यासाला बसायची वेळच नव्हे. ती पाणी पिऊन यायची, पेन्सिलीला टोक करायची वेळ. वारांचंही तसंच. संकल्प मंगळवारी मोडला तर बुधवारपासून पुन्हा सुरू करणारी माणसं असतील कुठेतरी, मला भेटलेली नाहीत. सोमवारच लागतो. त्यातून एक तारीख सोमवारी आली तर काय विचारता! त्या दिवसाचं मनावर इतकं दडपण येतं की काहीच होत नाही.

पार्किन्सन नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १९५५ साली एका लेखात गमतीने म्हटलं होतं, की काम हे हाताशी असलेल्या वेळाएवढं फुगत जातं. त्याचा दाखला म्हणून त्याने एक निवांत म्हातारी आणली होती. ती भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवते. (भाची की पुतणी, हे इंग्रजीतून कळायला मार्ग नाही, मी भाचीच धरतो.) कार्ड शोधायला एक तास, चष्मा शोधायला एक तास, पत्ता शोधायला अर्धा, मजकुराला सव्वा तास, आणि टपालपेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की नको यावर वीस मिनिटं. मी पट्टी शोधत होतो तेव्हा ही बाई माझ्या डोळ्यांसमोर होती.

"फोनवर असतं ना हे सगळं?" मी विचारलं.

"आहे ना. तो टोमॅटोवाला टायमर पण आहे. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी."

फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, कॉलेजात असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून ही युक्ती सुरू केली. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, तेच नाव तिला पडलं. पद्धत चांगली आहे. माझी अडचण एवढीच, की समोर आकडे उलटे धावत असले की मी आकडेच बघत बसतो.

"मग त्याने जमतंय का?"

"जमतं. पण आधी वेळापत्रक नको का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक कॅनडातला प्रयोग मात्र आठवला, १९९४ सालचा. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. बरं, सगळंच बिनसलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे सगळं बिनसण्याच्याही पलीकडे आठवडाभर. मनाची ही खोड काहनेमान आणि ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच नोंदवून ठेवली होती. पण मला गंमत वाटते ती पुढच्या भागाची. आपली मागची कामं रखडली होती, हे अशा मुलांना आठवत असतं. फक्त त्या प्रत्येक वेळी काहीतरी वेगळंच, एकदाच घडणारं कारण होतं, असं त्यांना मनापासून वाटतं. तेव्हा आजारी होतो. तेव्हा कॉम्प्युटर बंद पडला होता. या वेळी तसं नाही.

प्रबंध लिहायला बसलेला हा मुलगा कोण, ते मला पक्कं ठाऊक आहे.

मी भाचीच्या कागदाकडे पाहिलं. झोप सहा तास लिहिली होती.

"काल किती झोपलीस?"

"साडेनऊ. पण काल वेगळं होतं."

मग मला उगाच मोठं माणूस व्हायची हुक्की आली. म्हटलं, उद्याचं राहू दे. आज काय केलंस तेवढं एका रकान्यात लिही. खरं खरं. तिचं तोंड वाकडं झालं. तरी तिने सकाळपासून लिहायला घेतलं. दोनदा खोडलं. दुपारच्या चौकोनाशी आली आणि पेनाचं टोपण चावत थांबली. ३ ते ६. बराच वेळ विचार करून तिने हिरवा स्केचपेन उचलला आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'विज्ञान (तयारी)'.

मी हरकत घेतली नाही.

"आता तुझं सांग," ती शेजारी नवा रकाना आखत म्हणाली. "तू काय केलंस तीनपासून?"

मी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून आठ मिनिटं झाली होती.

"साडेसहाला सांगतो," मी म्हणालो.