कंपासपेटीतलं इंग्लंड

तृतीय वर्षाला आर्थिक विचारांचा इतिहास शिकवताना डेव्हिड ह्यूम या अठराव्या शतकातल्या स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या वाट्याला माझ्याकडून एकच तास येतो. गेली चौदा वर्षं तेवढाच. फळ्यावर बाण काढायचे: पैसा वाढला, किमती चढल्या, आयात वाढली, पैसा बाहेर गेला, किमती उतरल्या. मुलं उतरवून घेतात आणि पेपरात तसंच लिहून येतात. यंदा म्हटलं, खेळून दाखवू.

सोसायटीखालच्या शिंप्याकडून डबाभर बटणं मागून आणली आणि वाण्याकडून चिक्की. डावी रांग इंग्लंड, उजवी स्पेन. प्रत्येकाला पाच बटणं, पाच चिक्क्या. कुणीही कुणाकडून घ्यावी, भाव ज्याचा त्यानं ठरवावा. घासाघीस होऊन भाव दोन बटणांवर थांबला. मग स्पेनला अमेरिकेची चांदी मिळाली, म्हणजे मी उजव्या रांगेत प्रत्येकी आणखी दहा बटणं वाटली.

पाच मिनिटांत स्पेनमधली चिक्की सहावर गेली आणि तिकडची मंडळी बाकं ओलांडून इंग्लंडात खरेदीला आली. मी खूश. १७५२च्या आपल्या निबंधात ह्यूमनं हेच तर मांडलं होतं. नाणं देशाबाहेर जाऊ नये म्हणून सरकारं कायदे करत, त्या काळात हा म्हणत होता की पैसा पाण्यासारखा आपली पातळी गाठतो. गलबतांनी आणलेली चांदी स्पेनला कुठल्याही कायद्यानं कोंडून ठेवता आली नसती. ब्रिटनमधल्या पैशाचे पाचातले चार हिस्से एका रात्रीत नाहीसे झाले तरी माल इतका स्वस्त होईल, की गेलेला पैसा परत येईल. (फ्रान्सच्या द्वेषापायी आपण पोर्तुगालची वाईट दारू जास्त पैसे मोजून पितो, असंही त्यानं ऐकवलंय. हे सांगितलं की वर्ग जागा होतो.)

आता इंग्लंडातही भाव चढायला हवे होते. चढेचनात. स्पेन रिकामं होत चाललं, तरी डावीकडे चिक्की तीन बटणांनाच. मी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी मागच्या बाकावर गुपित सापडलं. तिथल्या एकानं आजूबाजूच्या सगळ्यांची चिक्की विकायचं काम अंगावर घेतलं होतं आणि आलेली बटणं कंपासपेटीत भरून झाकण लावलं होतं.

"अरे, तू काही विकत का घेत नाहीस?"

"मला चिक्की आवडत नाही, मॅडम. बटणं असू देत." वर्ग हसला. मग त्यानं सरळ विचारलं, "ह्यूमच्या वेळी असं कुणी नव्हतं का?"

मला उत्तर आलं नाही. खरं सांगायचं तर मूळ निबंध मी कधी वाचलाच नव्हता. माझ्या नोट्स माझ्या सरांच्या नोट्सवरून आलेल्या. त्या रात्री वाचला. उत्तर त्यातच होतं. पैसा पातळीच्या वर साठवायचा तर तो तिजोरीत कोंडावा, फिरूच देऊ नये. मग हवा तेवढा उंच चढवता येतो. पुढे सातवा हेन्री. या धूर्त, लोभी, काटकसरी राजानं वीसेक वर्षांत इंग्लंडातला पाऊण हिस्सा पैसा गोळा केला असला, तरी त्यात नवल नाही, असं ह्यूम लिहितो. लोकांना त्याची झळ बसली नसावी. किमती उतरल्या की शेजाऱ्यांशी व्यापारात इंग्लंडचीच सरशी. झळ बसली नसावी हे मला काही पटलं नाही. किमती उतरेपर्यंत मजुरानं काय खायचं? पण माझ्या वर्गात घडलं ते त्या परिच्छेदात जसंच्या तसं होतं, आणि चौदा वर्षांच्या बाणांत कुठेच नव्हतं.

पुढच्या तासाला मी सगळं वाचून दाखवलं, न वाचता शिकवत होते हेसुद्धा सांगितलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग त्या राजाच्या पैशाचं काय झालं?"

"मुलानं उडवला. आठव्या हेन्रीनं. फ्रान्सशी लढाया करून."

त्यानं कंपासपेटी आणून टेबलावर उपडी केली. "मोजून घ्या, मॅडम." एक्याण्णव भरली. डबा शिंप्याला परत केला तेव्हा चार बटणं कमी निघाली, त्याचे त्यानं पैसे घेतले नाहीत.