तिसऱ्या रविवारी लायनर सुटला

४० साइजचं, म्हणजे साडेसहा सीसीचं ते मॉडेल विमानाचं जुनं ग्लो इंजिन अखेर उघडलं. आतेभावाने हौस सोडली तेव्हा आतलं इंधन न काढताच डब्यात टाकून दिलेलं. परभणीचे बारा उन्हाळे खाऊन त्या इंधनातल्या एरंडेलाची पार लाख झाली होती. कार्बुरेटर, हेड, बॅकप्लेट सगळं निघालं, पण क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) जाम आणि सिलिंडरचा लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी, क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या बाहेरच्या ओतीव कवचात) असा बसलेला की जणू एकाच ओतकामातला.

पहिला रविवार रॉकेलने खाल्ला. गल्लीतले पंपाचे मिस्त्री डोकावले, "काय करायलाव सर?" दाखवलं, तर म्हणाले, "रॉकेल भरून ठिवा, आपोआप सुटतंय. फकस्त ठोकू नका." रॉकेल मिळवण्यातच चार दिवस गेले ते सोडा. आठ दिवस बुडवून ठेवलं आणि रॉकेल जसं ओतलं तसंच स्वच्छ बाहेर आलं. मिस्त्रींचं चुकलं नव्हतं, त्यांच्या इंजिनांत खनिज तेल असतं. एरंडेल रॉकेलमध्ये नीट विरघळतच नाही. ते जमतं अल्कोहोलशी, म्हणून तर आपल्या मिथेनॉलच्या इंधनात बिनतक्रार राहतं. मॉडेल डिझेलवाले रॉकेल आणि एरंडेल एकत्र वापरतात खरे, पण तिथे दोघांना ईथर सांभाळून घेतं. हे मला माहीत होतं, तरी आठवडा घालवला. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात ते हेच.

दुसऱ्या रविवारी ट्रॅक्टरच्या दुकानातून हिरवं कूलंट आणलं, इथिलीन ग्लायकॉलवालं. एक जुनं स्टीलचं पातेलं कायमचं स्वयंपाकघरातून बाद केलं (घरात यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही). अंगणात इलेक्ट्रिक शेगडी मांडली, इंजिन पूर्ण बुडेल इतकं कूलंट ओतलं आणि पाच तास गरम ठेवलं. उकळू द्यायचं नाही, नुसती वाफ दिसली पाहिजे. वारा जिकडून येतो त्या बाजूला बसायचं आणि पातेलं सोडून हलायचं नाही. हे गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनी चाटलं की संपलंच. संध्याकाळी कूलंट चहासारखं तांबूस झालं होतं. धुऊन, वाळवून, हलकं तेल सोडलं आणि प्रोपेलर लावून हाताने फिरवलं, तर क्रँक आधी करकरला, मग फिरला. लायनर मात्र जागचा हलला नाही.

इथेच दोन वर्षांपूर्वी मी एका इंजिनाची माती केली होती. एक्झॉस्ट पोर्टमध्ये (लायनरला असलेल्या धूर बाहेर जायच्या खिडकीत) स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला गेलो आणि पोर्टच्या कडेला खाच पडली. लायनर भंगारात. यावेळी आधी चुंबक लावून पाहिलं. चिकटला, म्हणजे लायनर पोलादी. हे बरं झालं. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन फुगतं, पोलाद १२. लायनरचा बाहेरचा व्यास २४ मिमी, तापमान १०० अंशांनी वाढवलं तर ॲल्युमिनियमची क्रँककेस लायनरपेक्षा साधारण २६ मायक्रॉनने जास्त मोकळी होते. पितळेचा लायनर असता तर जेमतेम १० मायक्रॉन मिळाले असते.

तिसरा रविवार, सकाळी सहा वाजता, ऊन तापायच्या आत. कॉलर (लायनरची वरची रुंद कड) आणि क्रँककेस या दोन्हींवर मिळून सुईने एक बारीक रेघ मारली, म्हणजे परत बसवताना पोर्टची दिशा चुकणार नाही. मोबाईल दुरुस्तीवाल्या मित्राची हॉट एअर गन आणली होती. झोत बाहेरून, सगळीकडून केसवर, लायनरच्या आत अजिबात नाही. केसवर पाण्याचा थेंब टाकला, चर्र करून उडाला. चामडी हातमोजे घातले. पिस्टन खाली घेतला, जाड नायलॉनचा केबल टाय दुहेरी करून एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टनच्या डोक्यावर सरकवला आणि प्रोपेलर सावकाश फिरवला. पिस्टन वर येतो, टाय त्याच्या आणि पोर्टच्या वरच्या कडेच्या मध्ये सापडतो आणि पिस्टनच लायनरला वर ढकलतो. जोर बोटांचाच. क्रँक अडला की थांबायचं आणि पुन्हा तापवायचं, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो.

दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा तापवल्यावर "टुक" असा आवाज आला आणि कॉलरखाली पोस्टकार्डाच्या जाडीची फट दिसली. मग टाय बदलून, थोडा थोडा करत, लायनर हातात आला. बाहेरून वरच्या भागात तपकिरी पट्टा, कढईच्या काठावर जळून बसलेल्या तेलासारखा. आतून आरसा. एक ओरखडा नाही. टायवर पिस्टनच्या कडेचा गोल ठसा उमटलाय तेवढाच.

संध्याकाळी मिस्त्रींना दाखवला. लायनर उजेडाकडे धरून बराच वेळ आतून पाहिला, मग म्हणाले, "आन् त्या पातेल्याचं काय केलं?"

आता पुढचं काम बेअरिंगचं. मागचं बेअरिंग फिरवलं की अजून खरखरतंय, कूलंटने घाण निघाली पण गंज राहिला. केस पुन्हा तापवून ते काढायचं आहे, तेव्हा त्यावरचा नंबर वाचता येईल.