चौथी खूण

शनिवार, रात्र

तीन आठवड्यांनी बाबांचं घड्याळ परत मिळालं. दुरुस्ती करणाऱ्यांनी ते कापडावर ठेवून माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "बघा ताई, अगदी नवंकोरं झालंय." मी पाहिलं आणि आवंढा गिळला. खरंच नवंकोरं झालं होतं.

तक्रार एकच घेऊन गेले होते, की घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडतं. साठच्या दशकातलं हे चावीचं घड्याळ, तासाला १८,००० ठोके देणारं, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला ४,३२,००० ठोके होतात, त्यातले १,२०० कमी पडत होते. हा हिशोब मी वहीत मांडला होता. एवढ्या जुन्या यंत्राची चूक इतकीच निघाली याचं कौतुक वाटलं होतं. तेल वाळलं असणार, मशीन पूर्ण सुटं करून धुतलं आणि नवं तेल दिलं की सुधारेल, असं धरून चालले होते.

तबकडी त्यांनी नव्याने रंगवली आहे. जुनी तबकडी कडेने चहाच्या रंगाची झाली होती आणि चारच्या आकड्याजवळ ओल शिरल्याचा एक डाग होता. आता ती पांढरीशुभ्र आहे. मिनिटांच्या रेघा जाड झाल्यात, सेकंदाचं छोटं वर्तुळ किंचित एका बाजूला सरकलंय आणि सहाच्या खाली, अगदी कडेला जी बारीक अक्षरं होती ती नाहीतच. बाबा ती मला भिंगातून वाचायला लावायचे. पहिल्यांदा नीट वाचता आली तेव्हा मी सात वर्षांची होते.

आकड्यांवरचे तपकिरी ठिपकेही गेले, त्यांच्या जागी हिरवट रंग आला. त्या काळी अंधारात चमकणाऱ्या रंगात बरेचदा रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असायचं. चमक देणारं झिंक सल्फाइड काही वर्षांत निकामी होतं, पण रेडियम जात नाही. ते निम्मं व्हायलाच १,६०० वर्षं लागतात. आमच्या घड्याळात ते असेल तर त्या माणसाने ठिपके कशाने खरवडले आणि ती भुकटी कुठे उडाली? राग बाजूला ठेवूनही हा विचार डोक्यातून जात नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते मागच्या झाकणाचं. त्यावर बाबांची आद्याक्षरं कोरलेली होती, फार खोल नव्हती. पॉलिश म्हणजे धातूचा वरचा थर घासून काढणं. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, कडा त्याने गोल झाल्या आणि अक्षरं इतकी पुसट, की दिव्याखाली तिरकं धरल्याशिवाय दिसत नाहीत. "ओरखडे फार होते ना," ते म्हणाले. त्यांनी मन लावून काम केलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मी काही बोलू शकले नाही. पैसे दिले आणि निघाले.

शुक्रवार

सहा दिवस रोज सकाळी वेळ ताडून पाहिली. रात्रभर टेबलावर सपाट ठेवलं की घड्याळ पुढे जातं, दिवसभर मनगटावर असलं की मागे पडतं. पूर्ण चावी देऊनही बावीस तासांत थांबतं. अशी मशीनं साधारण दीड दिवस चालायला हवीत.

आज दुसऱ्या कारागिराकडे गेले. वयस्कर आहेत, कमी बोलतात. झाकण उघडलं, आयग्लास डोळ्याला लावला, बराच वेळ पाहिलं आणि मग मलाही पाहायला दिलं. घड्याळ पुढे-मागे करायचा बारीक काटा जवळजवळ टोकाला, 'फास्ट'कडे ढकललेला होता. मशीनची चाकं ज्यांवर फिरतात त्या बारीक माणकांच्या भोवती जुनं तेल तपकिरी होऊन चिकटलेलं. "मशीन उघडलेलंच नाही," ते म्हणाले. "काटा सरकवला, बस."

मग त्यांनी झाकणाची आतली बाजू दाखवली. तिथे सुईने ओरखडल्यासारख्या तीन बारीक नोंदी आहेत. घड्याळ दुरुस्त करणारे पूर्वी अशी आपली खूण आणि तारीख आत करून ठेवायचे, म्हणजे पुढच्याला कळावं. शेवटची नोंद १९८७ ची. सगळेच काही खूण करत नाहीत, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही, असंही त्यांनी लगेच सांगितलं. मी मात्र त्या तीन नोंदींकडे पाहतच राहिले. इतकी वर्षं घड्याळ माझ्या हातात होतं आणि त्याच्या आत काय आहे हे मला माहीत नव्हतं. बाहेरून सगळं घासलं गेलं, ही एक जागा वाचली.

तबकडी पूर्वीसारखी होणार नाही, हे मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. जुना रंग काढलेला आहे, तो आणायचा कुठून? अक्षरं पुन्हा कोरता येतील, पण ती त्या हाताची नसतील. ती कोरायची नाहीत, मी म्हणाले. मशीन तेवढं धुऊन द्या.

या वेळी कागदावर लिहून दिलं: केसला पॉलिश नको, काच बदलायची नाही, काट्यांना हात लावायचा नाही, जुना सुटा भाग निघाला तर परत द्यायचा. खाली आणखी एक ओळ लिहिली, काम झाल्यावर झाकणाच्या आत तुमची खूण करा. ती ओळ वाचताना त्यांनी आयग्लास काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मग कागदाची घडी करून घड्याळाबरोबर डबीत ठेवली.