आमची वाटचाल: वजनकाटा ते नवी साइट

आमचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात, आजोबांपासूनचं. तांबं, पितळ आणि थोडं कासं. पावसाळ्यात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते बघून माल माळ्यावर चढवायचा, हे आमच्या घरातल्या पोरांना पाढ्यांआधी कळतं. २०१५ च्या सिंहस्थात गंगाजळाचे सीलबंद गडू बाहेरगावी गेले, मागून फोन यायला लागले आणि आम्ही साइट काढली. कोडिंग घरात कुणालाच येत नव्हतं. तयार साइट बिल्डर घेतला, म्हणजे कोडिंगशिवाय साचे जोडून साइट करायची सेवा; फोटो टाकले, काम सुरू. तेवढ्यापुरतं ते उत्तम होतं, उगाच नावं ठेवणार नाही.

अडलं ते दरापाशी. आमचा माल वजनावर विकला जातो. किलोचा दर अधिक मजुरी. ठोक्याच्या हंड्याची मजुरी वेगळी, ओतीव समईची वेगळी. साइट बिल्डरमध्ये मात्र प्रत्येक वस्तूला एकच ठरलेली किंमत. लंडनच्या धातुबाजारात तांबं हललं की इथे आम्ही एकेक पान उघडून आकडे बदलत बसायचो. ते टाळायला साइटवर चार पैसे चढेच ठेवले, तर गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारायचं, "ऑनलाइन महाग कसं हो?" बरोबरच होतं त्यांचं.

शेवटी वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स, म्हणजे त्याला जोडायचं ऑनलाइन दुकान, बसवायचं ठरलं. कॉलेज रोडला बसणाऱ्या एका मुलाने छोटं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा जादा प्रोग्रॅम, लिहून दिलं: सकाळी दर एकदाच टाकायचा, बाकी गुणाकार साइट करते. मुहूर्त काढला पितृपक्षाचा. त्या पंधरवड्यात नवं भांडं कोण घेतंय? आई म्हणाली, "पितरांत नवं काही करू नये." तिला सांगितलं, नवं काही नाही, बिऱ्हाड हलवतोय. पटलं नाही तिला, पण गप्प बसली.

हलवताना वस्तूंची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) निघाली, पण पानांची मांडणी येत नाही, ती नव्यानेच करायची. ग्राहकांचे पासवर्डही येत नाहीत. सगळ्यांना नवा पासवर्ड करायचा मेल धाडला. जुन्या मंडळींनी तो न उघडता सरळ व्हॉट्सॲपवर "तोच तांब्या परत पाठवा" असं कळवलं. कल्हईवरचे लेख हाताने उतरवून घेतले.

खरा वेळ खाल्ला वजनांनी. जुन्या साइटवर वर्णनात "सुमारे सव्वा किलो" असं लिहिलेलं. सुमारे या शब्दाला किलोच्या दराने गुणता येत नाही. मग पुतण्या काट्याशी, मी वहीशी. हाताने ठोकलेली एकाच नंबरची दोन ताम्हनं काट्यावर कधीच सारखी येत नाहीत, म्हणून ठोक्याच्या प्रत्येक नगाला आता स्वतःचं वजन आणि स्वतःचा फोटो आहे. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना हेच सगळ्यात आवडलं.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, पहिल्यापासून आमच्या नावावर होतं, त्यामुळे पुढचं सोपं गेलं. त्या प्लगइनवाल्या मुलाने आधीच डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणाऱ्या नोंदवहीचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, पाच मिनिटांवर आणला आणि एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायचे त्या नोंदी, उतरवून ठेवले. ते उतरवायचे राहून गेले असते तर साइट हलली असती आणि ऑर्डरचे मेल हवेत गेले असते. जुन्या पानांचे पत्ते वेगळ्या धाटणीचे; एकेकावरून नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट लावला, म्हणजे जुना पत्ता उघडला की आपोआप नवं पान येतं. रुखवताच्या खोक्यांवर आम्ही क्यूआर कोड छापतो. लग्नं होऊन गेलेल्या त्या खोक्यांवरून आजही कोणी स्कॅन केलं तर बरोबर पान उघडतं.

कुरिअरचा हिशेबही आता जमला. हंडा म्हणजे पत्रा थोडा आणि पोकळी फार. कुरिअरवाले त्या पोकळीचेही पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमध्ये गुणाकार करून, बहुतेक ठिकाणी ५००० ने भागून, जे वजन येईल ते आणि खरं वजन यातलं जास्त ते धरायचं. हे गणित जुन्या साइटवर बसतच नव्हतं, फरक आमच्या खिशातून जायचा.

बंब आणि मोठी घंगाळी अजून साइटवर ठेवलेली नाहीत. मोड, म्हणजे वजनावर विकायला आणलेली जुनी भांडी, तीही ऑनलाइन घेत नाही. जुन्या भांड्याला डाग किती, आत लाख-शिसं भरलंय का, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मोड घेऊन दुकानातच या; त्या दिवसाचा मोडीचा दर मात्र आता साइटवर वरच दिसतो.