पनीर आणि पुरणपोळी रीफर गाडीने नवी मुंबईला पाठवताना : माझा अनुभव

रीफर गाडीने, म्हणजे आत थंडावा ठेवणाऱ्या बंद गाडीने, माल पाठवायचा म्हटलं की सगळे रस्त्याचं विचारतात. खंबाटकी घाटात अडकलं तर? सातारा-कागल रस्त्याचं काम चालू आहे, वळवलेल्या रस्त्यावर तासन्‌तास गेले तर? माझं म्हणणं वेगळं आहे. रस्त्यात इंजिन चालू असतं, कुलिंग चालू असतं, दार बंद असतं. आमचा माल अडला तो पोहोचल्यावर, घेणाऱ्याच्या गोदामाच्या गेटवर. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पनीर, श्रीखंड आणि फ्रोझन पुरणपोळी. पनीर-श्रीखंडाला शून्य ते चार अंश लागतात, पोळीला उणे १८ किंवा त्याखाली. दोन्ही एका कप्प्यात जात नाहीत. पनीर गोठलं की त्याचा भुगा होतो आणि पोळीचं गोठण एकदा सुटलं की परत गोठवून विकता येत नाही. त्यामुळे मध्ये इन्सुलेटेड पार्टिशन आणि दोन्ही कप्प्यांना वेगळं कुलिंग असलेली गाडी शोधली. गाडीमालकाकडे अन्न वाहतुकीचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना होता, नंबर ऑनलाइन तपासून घेतला. भाडं ठरलं, बिल्टी (माल वाहतुकीची पावती) झाली, गाडी संध्याकाळी निघाली आणि सकाळी वेळेत पोहोचली. इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

मग ड्रायव्हरदादांचा फोन आला. "वैनी, गेटवर इंजिन बंद करा म्हंत्यात. बंद केलं की कुलिंग बी बंद पडतंय."

हे नीट समजून घ्या. लहान रीफर गाड्यांत बहुतेक वेळा कुलिंगचा कॉम्प्रेसर गाडीच्याच इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की थंडी थांबली. मोठ्या गाड्यांना वेगळं डिझेल इंजिन असतं, ते गाडी उभी असतानाही चालतं. काही गाड्यांना थ्री फेज विजेवर चालायची सोय असते. उभ्या जागी प्लग लावला की झालं. आमच्या गाडीला ती सोय होती. त्या गोदामाच्या भिंतीला प्लग पॉइंटही होते, पण ते "आमच्या स्वतःच्या गाड्यांसाठी". आमचा स्लॉट, म्हणजे माल उतरवायची ठरलेली वेळ, सकाळचा. डॉक, म्हणजे माल उतरवायचा फलाट, मिळाला दुपार उलटल्यावर. नवी मुंबईच्या उन्हात पत्र्याच्या शेडबाहेर गाडी इंजिन बंद करून उभी. दादांनी चोरून चालू केलं की वॉचमन येऊन काच वाजवायचा.

शेवटी डॉकवर घेतलं आणि दोन्ही कप्प्यांची दारं सताड उघडली. दारं उघडल्यावर तपासणारा माणूस हमाल आणायला गेला. परत आला तो कागद शोधायला गेला. दारं उघडीच. दादा बंद करायला गेले तर "राहू दे, आलोच". बऱ्याच वेळाने तो थर्मामीटरची गन घेऊन आला आणि दाराजवळच्या खोक्यावर नेम धरला. पोळी उणे ११, पनीर ७. रिजेक्ट.

मी फोनवर सांगत राहिले की गन फक्त वरचा पृष्ठभाग मोजते. कोकणपट्टीची दमट हवा लागून खोक्यावर दव धरलेलं असताना ती आतल्या पोळीचं काय सांगणार? चकचकीत पाकिटावर तर तिचा आकडा धरूच नये. योग्य रीत अशी की आधी दोन खोक्यांच्या मध्ये, घट्ट दाबून, काडीचा थर्मामीटर ठेवायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. तरी शंका असेल तर एक खोकं फोडून थेट मालात टोचून बघायचं. एका खोक्याचं नुकसान सोसायला मी तयार होते. पलीकडून एकच उत्तर : "मॅडम, सिस्टीममध्ये रिजेक्ट पडलंय." गाडी भरलेली परत आली. पोळी वाचली. पनीरचे विकण्यासारखे दिवस प्रवासातच गेले. वर येण्या-जाण्याचं भाडं, हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचे पैसे) आणि त्यांची डेबिट नोट, म्हणजे आमच्या नावावर पैसे टाकल्याचा कागद.

आमच्या हातात एकच गोष्ट होती. भरताना दोन्ही कप्प्यांत, थप्पीच्या मधल्या खोक्यात मी लॉगर ठेवले होते. छोटी वस्तू आहे, दर काही मिनिटांनी तापमान नोंदवते, नंतर कॉम्प्युटरला लावली की आलेख निघतो. तो आणि गाडीच्या कुलिंग युनिटचा आलेख शेजारी ठेवले. युनिटच्या आलेखात कप्प्यातली हवा गेटवर चढलेली स्पष्ट दिसत होती, दार उघडल्यावर तर उभीच वर गेली होती. खोक्याच्या आतली पोळी मात्र जवळपास हललेली नव्हती. पुढच्या गाडीबरोबर मी स्वतः गेले, दोन्ही छापून घेऊन.

त्यांच्या क्वालिटी विभागातल्या बाईंनी ते कागद खरंच वाचले, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी पहिलाच प्रश्न योग्य विचारला : रस्त्यातही दर काही तासांनी लहान उंचवटे कसले? तो डिफ्रॉस्ट. आतल्या कॉइलवर बर्फ साचतो, तो वितळवायला युनिट थोडा वेळ थंड करणं थांबवतं, हवा चढते, पुन्हा उतरते. मालाला कळतही नाही. हे त्यांना पटलं. मग मी ऑर्डरमध्येच लिहून घेतलं : गेटवर आल्याची वेळ आणि दार उघडल्याची वेळ दोन्ही नोंदवायच्या, दार उघडल्याबरोबर दोन खोक्यांमध्ये तापमान घ्यायचं, ड्रायव्हरची सही घ्यायची, थांबावं लागलं तर प्लग द्यायचा. डेबिट नोट मागे घेतली गेली. त्या दिवशी कळंबोलीवरून परत फिरताना मला जो आनंद झाला तो पहिली ऑर्डर मिळाल्यावरही झाला नव्हता. लहान उत्पादकांनी हे मागायला लाजू नये. माल आपला आहे.

आता बाकीचं, आठवेल तसं. रीफर गाडी माल थंड ठेवते, गरम माल थंड करून देत नाही. पनीर कोल्ड रूममध्ये आतपर्यंत चार अंशांवर आल्याशिवाय भरू नका, आणि भरायच्या आधी गाडीची रिकामी बॉडी थंड करून घ्या. ड्रायव्हरला डिझेल जळतंय असं वाटतं, ते भाड्यात आधीच धरा.

खोकी छतापर्यंत रचू नका. वरून आणि मागून हवा फिरायला जागा हवी, नाहीतर दाराकडची खोकी गरम राहतात, आणि नेमकी तीच पहिल्यांदा तपासली जातात.

रत्नागिरीहून मासळी घेऊन आलेली गाडी परतीच्या भाड्यात स्वस्त मिळते. पनीरसाठी घेऊ नका, धुतली तरी. पनीर वास ओढतं.

हॉल्टिंग किती तासांनंतर लागणार आणि कोण देणार, हे बिल्टीवर लिहा. ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी जीएसटीचं ऑनलाइन बिल) लागत असेल तर त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. गाडी गेटवर अडकून मुदत संपत आली तर संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांत ती वाढवून घेता येते.

आणि पावसाळ्यात गाडी भरण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. पातळी ३९ कडे सरकायला लागली की आम्ही पनीरची ऑर्डर पुढे ढकलतो आणि गाडीत फक्त पोळी भरतो.