तुम्ही विचारलंत म्हणून : एक सेरेंगेटी पुरत नाही का?

टांझानियाहून परतल्यापासून मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा, की सिंह, हत्ती, चित्ते, जिराफ असे सगळे तिथल्या एकट्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात दिसत असताना तरंगिरे, मन्यारा, न्गोरोंगोरो अशी वणवण कशासाठी करायची? प्रश्नामागे खर्चाचा हिशेब असतो आणि तो रास्तच आहे, कारण प्रत्येक ठिकाणचे प्रवेशशुल्क परदेशी पर्यटकांना डॉलरच्या हिशेबाने पडते आणि मधल्या कच्च्या रस्त्यांवर लँड क्रूझरमध्ये हाडे खिळखिळी होतात. प्राण्यांच्या यादीवर खुणा करून परतायचे असेल, तर सेरेंगेटी पुरेसे आहे. परंतु ते प्राणी त्या महिन्यात तिथेच का आहेत, याचे उत्तर बऱ्याचदा शेजारच्या उद्यानात असते.

अरुशा या शहरातून निघाल्यावर प्रथम तरंगिरे लागते. जून ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत आसपासचे पाणवठे आटतात, तरंगिरे नदीत मात्र पाणी टिकते, आणि त्यामुळे दूरवर पांगलेले हत्तींचे आणि झेब्र्यांचे कळप तिच्या काठाने गोळा होतात. राणीच्या बागेतली गोरखचिंच पाहिलेल्यांना तिथली झाडे ओळखू येतील, पण त्यांचे बुंधे हत्तींनी सुळ्यांनी सोलून काढलेले असतात, कारण टंचाईच्या दिवसांत आतल्या ओलसर गाभ्यावरही त्यांची तहान भागते. पाऊस सुरू झाला की यांतले बरेच कळप उद्यानाबाहेरच्या गवताळ प्रदेशात निघून जातात, म्हणजे तरंगिरे हे त्यांचे कोरड्या दिवसांपुरते बिऱ्हाड आहे. (तिथे गडद निळे किंवा काळे कपडे घालू नयेत. त्सेत्से या चावणाऱ्या माश्या नेमक्या त्याच रंगांकडे धावतात, आणि झाडांना टांगलेली निळी-काळी फडकी हे त्यांचे सापळे असतात.)

मन्यारा सरोवराच्या उद्यानाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. खचदरीच्या कड्याखालचे झऱ्यांवर पोसलेले जंगल सुंदर आहे, मात्र ज्यांची जाहिरात होते ते झाडावर चढणारे सिंह दिसतीलच असे नाही.

न्गोरोंगोरो हे काटेकोरपणे राष्ट्रीय उद्यान नव्हेच. 1959 साली ते सेरेंगेटीपासून वेगळे काढून संरक्षित क्षेत्र करण्यात आले, आणि मसाई लोकांना तिथे राहण्याची व गुरे चारण्याची मुभा राहिली. ज्वालामुखीचे शिखर आत कोसळून झालेल्या सुमारे 600 मीटर खोल विवराच्या तळाशी बारमाही पाणी असल्याने तिथले बहुतेक प्राणी वर्षभर तिथेच राहतात. तळाशी जिराफ मात्र नाहीत. काळा गेंडा दिसला तर तो दुर्बिणीतून, गाड्यांच्या रांगेत उभे राहून दिसतो, आणि ती रांग मला आवडली नाही.

परंतु न्गोरोंगोरोचे खरे महत्त्व त्याच्या पश्चिमेला उतरल्यावर कळते. या डोंगराळ पट्ट्यातल्या ज्वालामुखींची राख पूर्वेच्या वाऱ्याने वाहत जाऊन दक्षिण सेरेंगेटीच्या मैदानांवर पसरली, तिच्यातला चुना पाझरून जमिनीखाली कठीण थर तयार झाला, आणि त्या थरात मुळे खोल जाऊ शकत नसल्याने तिथे झाडे जवळजवळ नाहीत. आहे ते आखूड, पण कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध गवत. दुभत्या माद्यांना नेमके तेच लागते. म्हणून पावसाळी महिन्यांत लाखो वाइल्डबीस्ट (गुरांसारखी दिसणारी मोठी हरणे) इथे येतात आणि फेब्रुवारीच्या आसपास अवघ्या काही आठवड्यांत त्यांची बहुसंख्य पिल्ले जन्मतात. त्याच डोंगरांच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे मैदाने लवकर कोरडी पडतात, आणि मग कळपांना वायव्येकडे ग्रुमेती नदीकडे व पुढे उत्तरेला मारा नदीकडे सरकावेच लागते. जवळजवळ नाशिक जिल्ह्याएवढ्या सेरेंगेटीत एका टोकाला लाखोंचा समुदाय आणि दुसऱ्या टोकाला सामसूम असते, ती यामुळे.

आज सुमारे 13 लाख मानले जाणारे हे वाइल्डबीस्ट 1961 साली जेमतेम अडीच लाख होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेत पसरलेल्या बुळकांडीने गुरांबरोबर त्यांचाही संहार केला होता. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना धडकी भरवणारा रोग तो हाच. भोवतालच्या पाळीव गुरांना लस टोचल्यावर रोग हटला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत कळप पाचपट झाले. गवत चरले जाऊ लागल्याने वणवे कमी झाले आणि उत्तरेकडच्या रानात झाडे वाढू लागली. म्हणजे उद्यानातले रान दाट झाले, त्याला उद्यानाबाहेरच्या गाईंची लस कारणीभूत ठरली.

तेव्हा सल्ला विचाराल तर दिवस कमी असल्यास मन्यारा खुशाल गाळावे. जुलै ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर तरंगिरे मुळीच सोडू नये. फेब्रुवारीत मात्र तिथले दिवस कमी करून दक्षिण सेरेंगेटीत, न्दुतूच्या बाजूला, मुक्काम वाढवावा. मारा नदी ओलांडणाऱ्या कळपांसाठी काठावर दिवसच्या दिवस ताटकळण्यापेक्षा मला ती आखूड गवताची मैदाने अधिक मोलाची वाटतात. आणि न्गोरोंगोरो सेरेंगेटीच्या आधी पाहावे, नंतर नव्हे. सहल आखून देणारे हा क्रम पुष्कळदा सोयीसाठी उलटा करतात, तो आरक्षणापूर्वीच बदलून घ्यावा.