कॅरिअरचा तडा

मोटारसायकलचं कॅरिअर ओझ्याने मोडतं, असा सर्वसाधारण समज आहे. मोडलेला दांडा उजेडात धरून नीट पाहिला, तर बहुधा त्या तोंडावर दोन रंग दिसतात. एका कडेला काळपट, गंजलेला, गुळगुळीत भाग. उरलेला लख्ख आणि खरबरीत. काळपट तो जुना तडा. आपण वर बिनघोर पिशव्या आवळत होतो तेव्हा तो खाली केसाकेसाने पुढे सरकत होता. ज्या खड्ड्याला आपण शिव्या देतो, त्याने फक्त तो लख्ख भाग तोडला.

धातू असा थकतो, हे माणसाला रेल्वेच्या आसांनी शिकवलं. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एकदा सहज पेलतो तो भारही पुन्हा पुन्हा दिला तर पोलाद तुटू शकतं. मोटारसायकलचं इंजिन ४,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वेगाने, तासाभरात २ लाख ४० हजार फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्याचा थोडा तरी हिसका मागे टांगलेल्या कॅरिअरला बसतोच. खड्डे वेगळे.

तडा बहुतेकदा वेल्डिंगच्या अगदी कडेला सुरू होतो, कारण तिथे आकार एकदम बदलतो आणि सगळा ताण तिथेच गोळा होतो. पुन्हा वेल्डिंग केलं की जोड भक्कम होतो, पण त्याच्या शेजारी तशीच नवी कड तयार होते. अ‍ॅल्युमिनियमच्या कॅरिअरची तर आणखी पंचाईत, त्या उष्णतेने आजूबाजूचा धातूही मऊ पडतो. म्हणून माझा कल नट-बोल्टकडे. दिसायला ओबडधोबड, हे मान्य.

तडा आरपार गेला नसेल तर त्याच्या टोकावर तीनेक मिलिमीटरचं भोक पाडायचं. भोक पाडून मजबुती, हे ऐकायला उफराटं वाटतं खरं. पण तड्याचं अणकुचीदार टोक गोल झालं की त्याचा जोर ओसरतो. मात्र टोक नेमकं सापडायला हवं, नाहीतर तडा भोकाला वळसा घालून निघून जातो. पाइप पुरता तुटला असेल तर आत घट्ट बसेल असा सळईचा तुकडा घालायचा, तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना व्यासाच्या दुप्पट-तिप्पट तरी, आणि आरपार बोल्ट मारायचे. सळई भरीव असल्यामुळे नट आवळताना पाइप चेपत नाही. आता खरी खुबी. भोकं वरून खाली पाडायची नाहीत, आडवी पाडायची. कॅरिअर वर-खाली वाकतं, तेव्हा सगळ्यात जास्त ताण पाइपच्या पाठीवर आणि पोटावर येतो. कुशीत, मध्यावर, जवळजवळ नसतोच. भोकाची जागा तीच. कडा कानशीने मोडायच्या, उघड्या धातूला प्रायमर लावायचा, नट नायलॉक घ्यायचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, हिसक्यांनी सहसा सैल न होणारे. होज क्लिपा, म्हणजे रबरी नळीवर आवळतात त्या पट्ट्या, घरी पोचण्यापुरत्या ठीक.

पण एवढ्याने फक्त मोडलेलं सांधलं गेलं. मुळात ते मोडलं ते मागचं टोक अधांतरी नाचतं म्हणून. त्या टोकाकडून खाली फ्रेमवरच्या एखाद्या पक्क्या बोल्टाकडे तिरकी पट्टी नेली की त्रिकोण तयार होतो, आणि वाकण्याचं काम ओढ-दाबात वाटलं जातं. जाड पाइपापेक्षा ही साधी पट्टी जास्त कामाची. सामानाची पेटी चार बोटं पुढे सरकवली तर आणखी उत्तम, आणि त्याला ड्रिलही लागत नाही.

हात चालू लागला की मोह होतो: अजून एक पट्टी, अजून जाड बोल्ट. तिथे मी थांबतो. कॅरिअर फार ताठ झालं की तोच हिसका पुढच्या कमजोर जागेवर जातो, म्हणजे सबफ्रेमला (सीटखालच्या मागच्या सांगाड्याला) जोडलेल्या कानांवर, ज्यांना कॅरिअर बोल्टाने बसतं त्या छोट्या पट्ट्यांवर. पट्टी तुटली तर भंगारातून दुसरी आणता येते. कान तुटला तर सीट काढा, वायरिंग सोडा, टाकी बाजूला करा, आणि शेवटी गाडी वेल्डिंगवाल्याच्याच दारात.